छोट्या फ्लॅटचा दाराजवळचा पॅसेज नीट करायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात कोथरूड, सहकारनगर, सिंहगड रोड या बाजूला छोट्या घरांच्या इंटिरिअरची कामं करते. लोक हॉल आणि किचनवर सहा-सहा महिने विचार करतात आणि दारातल्या त्या साडेतीन बाय पाच फुटांत शेवटी उरलेल्या प्लायचा शूरॅक ठोकून मोकळे होतात, मग पहिला पाऊस पडला की मला फोन. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय.

सुरुवात कुठून करू? आधी डिझाईन फायनल करू का?

नको, डिझाईन नंतर. आधी एक आठवडा काहीही आवरू नका (हो, खरंच) आणि रोज रात्री दहा वाजता दारात जे काय पडलंय त्याचा मोबाईलवर एक फोटो काढा. सात फोटो झाले की बघत बसा. पुण्यातल्या घरांत उत्तर बहुतेक सारखंच येतं, चपला तर असतातच पण खरी जागा खातात ती हेल्मेटं, घरात दोन गाड्या म्हणजे तीन-चार हेल्मेटं, त्यावर रेनकोट, सनकोट, स्कार्फ, हातमोजे, भाजीच्या पिशव्या, कुरिअरचे खोके, डब्याची बॅग, आणि किल्ल्या ज्या कधीच सापडत नाहीत. फोटोत जे दिसतंय त्याला जागा करायची. जे दिसत नाही, म्हणजे मोबाईलवर बघून आवडलेलं कन्सोल टेबल आणि त्यावरची फुलदाणी, त्याला नाही. माझं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं आणि पुढची सगळी उत्तरंपण यातूनच येतात.

आमचा पॅसेज जेमतेम साडेतीन फूट आहे, शूरॅक बसेल का?

बसेल, पण कुठला ते मोजून ठरवा. साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच. साधा शूरॅक १२ इंच खोल लागतो, उरले ३० इंच, दोन्ही हातात पिशव्या घेऊन आलेला माणूस तिथून तिरका होऊन जातो. ३६ इंच मोकळे राहिले तर उत्तम, ३४ ला निभावतं. म्हणून अशा पॅसेजमधे पुढे झुकून उघडणारा शूरॅक घ्या, चपला त्यात उभ्या राहतात म्हणून सात-आठ इंच खोली पुरते. त्यात बूट कमी मावतात आणि ट्रेकिंगचे जाड बूट तर मावतच नाहीत हे आधीच सांगते, सिंहगडवाल्या लोकांनी नंतर तक्रार करू नये.

दुसरी गोष्ट दाराची. मेन डोअर आत उघडतं, ते फिरतं तो गोलाकार भाग खडूने जमिनीवर काढा आणि त्यात काहीही येऊ देऊ नका. शूरॅकच्या मापाचं वर्तमानपत्र कापून जमिनीवर चिकटवा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून चाला, पायाला लगेच कळतं.

आता माझीच गंमत. स्वतःच्या घरी मी हौसेने १० इंच खोल शूरॅक केला, सगळं सुंदर, आणि नवऱ्याचे बूट १० नंबरचे. शटर लागेना. सोल धरून तो बूट १२ इंचाच्या आसपास जातो हे इंटिरिअरवालीला माहीत नसावं! तेव्हापासून मी क्लायंटकडे गेले की घरातला सगळ्यात मोठा बूट मागते, लोक विचित्र बघतात, बघू देत.

प्लाय कुठला घ्यायचा? सुतार म्हणतो साधा चालेल.

दारातल्या फर्निचरला पाणी लागणार आहे हे गृहीत धरा. ओल्या चपला, गळणारी छत्री, मावशींनी मारलेला फरशीचा पोछा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड, खालून पाणी पिऊन फुगतात आणि एकदा फुगले की परत बसत नाहीत, ऑनलाईन मिळणारे स्वस्त रॅक बरेचसे याचेच असतात. प्लायच्या शीटवर शिक्का असतो, आयएस ३०३ लिहिलेला साध्या कामाचा, ज्याला कमर्शिअल म्हणतात, आणि आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा. एवढ्याशा कामाला एक-दोनच शीट लागतात, तेव्हा तिथे कंजूषी करू नका आणि ७१० च घ्या, १८ एमएमची. मागच्या बाजूला ६ एमएम पुरतो.

शिक्का बघायला दुकानात स्वतः जा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला एक चक्कर मारलीत तर चार दुकानं फिरून भाव पण कळतात, फक्त गाडी लावायला जागा मिळेल ही आशा ठेवू नका.

आणि प्लाय कितीही भारी असला तरी फर्निचर जमिनीला टेकवू नका. चार इंच वर उचला, खाली स्टीलचे पाय द्या नाहीतर ग्रॅनाईटची पट्टी. खालून झाडू जातो, पाणी लागत नाही, वाळवी चढली तर दिसते. कापलेल्या सगळ्या कडांना, आतल्या न दिसणाऱ्यासुद्धा, एज बँडिंग (कडेवर चिकटवायची पट्टी) किंवा निदान दोन हात पेंट मारून घ्या कारण पाणी कडेतूनच शिरतं. शटरला वर-खाली जाळी किंवा भोकं ठेवा, नाहीतर शूरॅक उघडला की पाहुण्यांना घरातल्या प्रत्येकाचा वेगळा वास ओळखता येतो.

हेल्मेट आणि रेनकोटचं काय करायचं? हाच खरा प्रॉब्लेम आहे.

आहेच. हेल्मेटला १४ इंच खोल कप्पा लागतो, बुटाच्या १२ इंची कप्प्यात ते पुढे डोकावत राहतं आणि शटर लागत नाही. पॅसेज अरुंद असेल तर हेल्मेट खाली ठेवूच नका, वर न्या. दाराच्या बाजूला साधारण साडेसहा फुटांवर एक १४ इंची उघडी फळी, एका हेल्मेटला एक फूट रुंदी, म्हणजे तीन हेल्मेटांना तीन फूट. डोक्याच्या वर असल्यामुळे चालायच्या जागेला धक्का लागत नाही. बंद कप्पा करू नका, घामाचं हेल्मेट बंद ठेवलं की आतलं कापड कुबट होतं. घरात कोणी कमी उंचीचं असेल तर त्यांच्यासाठी एक मजबूत खुंटी खाली द्या, पट्ट्याने अडकवता येतं.

रेनकोटसाठी मी एकच पद्धत वापरते. भिंतीचा दीड-दोन फुटांचा पट्टा फक्त ओल्या वस्तूंसाठी सोडायचा, तिथे खालपासून पाच फुटांपर्यंत टाईल, वर स्टीलचे हुक सहा-आठ इंचाच्या अंतराने, आणि खाली स्टीलचा ट्रे जो उचलून बाथरूममधे ओतता येतो. हुक साडेपाच फुटांवर असला तर लांब रेनकोटही जमिनीला लागत नाही. मुलांसाठी तीन-साडेतीन फुटांवर वेगळे हुक लावा, म्हणजे दप्तर सोफ्यावर फेकलं जाण्याची शक्यता थोडी कमी होते, थोडीच. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत हा पट्टा ओला असतो, बाकी आठ महिने तिथे पिशव्या आणि सनकोट लटकतात, म्हणजे जागा वाया जात नाही. ड्राय बाल्कनी असेल तर रेनकोट तिकडे असं लोक म्हणतात, पण दारापासून ड्राय बाल्कनीपर्यंत जी ठिबकणारी रेघ जाते ती पुसणार कोण?

शूरॅक सरळ दाराबाहेर लॉबीत ठेवला तर?

सगळेच ठेवतात, माहितीये. पण लॉबी आणि जिना ही सोसायटीची सामाईक जागा आहे, तुमच्या मालकीची नाही, आणि आग लागली की धुरात लोक तिथूनच चाचपडत पळणार असतात. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे, बाहेर पडायचा रस्ता मोकळा ठेवणं हा त्यातला साधा मुद्दा आहे. तरी शेजाऱ्यांनी ठेवलाय म्हणून तुम्हीही ठेवाल, मग कमिटी बदलेल आणि एक दिवस नोटीस येईल. तेव्हा निदान पैसे घालून तिथे काही फिक्स करू नका.

दाराच्या मागे मेन स्विचचा डबा आहे, तो झाकायचाय.

झाका, पण बंद करू नका. एमसीबीचा, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा, डबा बऱ्याच फ्लॅटमधे नेमका दाराशीच असतो आणि दिसायला भयंकर असतो हे मान्य. त्यावर बिजागरीचं हलकं शटर करा, कुलूप नाही, समोर काही अडवणारं नाही. अंधारात, एका हाताने, स्टूल न घेता उघडता आलं पाहिजे. एका घरी मी गेले तर त्यांनी डब्यावर पाच फुटी पॅनल स्क्रूने मारून टाकलं होतं, एमसीबी ट्रिप झाली की स्क्रूड्रायव्हर शोधायचा, तोही टॉर्च लावून. आणि ओल्या रेनकोटचा पट्टा या डब्याच्या खाली किंवा शेजारी अजिबात घेऊ नका.

फरशी बदलायची का? तोडफोड नकोय.

तोडायची गरज नाही, जुन्या फरशीवर टाईल ॲडहेसिव्हने नवी लावता येते, जुनी पक्की असेल तर. नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ती काढावीच लागेल. पण उंची वाढते, टाईल ८ ते १० एमएम आणि ॲडहेसिव्ह ३-४, म्हणजे अर्धा इंच जवळपास. मेन डोअर खालून तासावं लागेल आणि हॉलशी पायरी तयार होईल, तिथे उतरती पट्टी द्या नाहीतर आजी अडखळतील. हे गवंडी आधी सांगत नाही, दार अडकलं की सांगतो.

टाईल मॅट घ्या. चकचकीत व्हिट्रिफाईडवर ओला पाय म्हणजे पडायला निमंत्रण. लेदर फिनिशचा, म्हणजे हलका खरखरीत ठेवलेला, कोटा दगड दिसतोही छान आणि पाय सरकत नाही. पायपुसणी दोन ठेवा, बाहेर काथ्याचं खरखरीत जे माती काढेल आणि आत कॉटनचं जे पाणी पिईल. काथ्याचं आत ठेवलंत तर दाराखाली अडकतं.

उंबरठा काढला तर मॉडर्न दिसेल ना?

दिसेल, आणि मग लॉबी धुतली की पाणी आत, झुरळं आत, धूळ आत. उंबरठ्याला धार्मिक अर्थ तुम्ही मानता की नाही हा तुमचा प्रश्न, पण त्याचं काम रोजचं आहे. घरात व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर अर्ध्या इंचाचा, दोन्ही बाजूंनी उतार दिलेला काळ्या ग्रॅनाईटचा करा.

यातच रांगोळीचा मुद्दा येतो जो कुठल्याच कॅटलॉगमधे नसतो. दाराबाहेरची टाईल फार खडबडीत घेतली तर रांगोळीचा रंग तिच्या खाचांत बसतो आणि दिवाळीची रांगोळी संक्रांतीपर्यंत दिसते. हलकी मॅट चालेल, दगडासारखी खरखरीत नको. तोरणासाठी चौकटीच्या वर बाहेरून दोन छोटे पितळी हुक कायमचे लावून घ्या, म्हणजे दर पाडव्याला सेलोटेप आणि खिळे शोधावे लागत नाहीत. आणि गणपती घरात येतो तेव्हा दारात काय होतं आठवा, मूर्ती हातात घेतलेला माणूस उंबरठ्यावर थांबतो, कोणी पायावर दूध-पाणी घालतंय, कोणी तुकडा ओवाळून टाकतंय, मागे चार जण टाळ्या वाजवतायत. त्या ओल्या फरशीवरून मूर्ती घेऊन त्याला आत यायचंय. माझ्यासाठी दारातल्या फरशीची खरी परीक्षा ती.

आरसा कुठे लावू? समोर लावला तर वास्तुदोष म्हणतात.

वास्तूत मी पडत नाही. पण दारासमोर आरसा लावला तर रात्री दार उघडल्यावर स्वतःलाच बघून दचकायला होतं आणि दार उघडं असलं की लॉबीतल्या माणसाला आरशातून तुमचा अर्धा हॉल दिसतो. बाजूच्या भिंतीला लावा, दीड बाय चार फुटांचा, त्याचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. प्रकाश वाढतो, पॅसेज रुंद वाटतो, सासूबाईपण खूश.

लाईट कसा असावा?

एक लाईट डोक्याच्या मागे असला की आरशात चेहरा काळा दिसतो आणि शूरॅकमधे स्वतःचीच सावली पडते, म्हणून लाईट आरशाच्या वर किंवा शूरॅकच्या पुढच्या बाजूला घ्या. ३००० केल्व्हिनचा वॉर्म घ्या, ६५०० चा पांढरा लावलात तर दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. पाच-सात वॉट पुरतात. सेन्सर लाईट मस्त चीज आहे, हातात सामान असताना बटण शोधावं लागत नाही, पण सेन्सरचं तोंड दाराकडे ठेवा, हॉलकडे ठेवलंत तर टीव्ही बघताना कोणी कूस बदलली तरी लागतो. घरात इन्व्हर्टर असेल तर दारातला लाईट त्यावर घ्यायला इलेक्ट्रिशियनला आत्ताच सांगा. फिटिंग बघायला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाच्या बाजूला चक्कर मारा, चॉईस भरपूर.

भिंतीत ड्रिलच जात नाही, काय करू?

नवीन बिल्डिंग असेल तर भिंती मिव्हानच्या असतील, म्हणजे विटा नाहीतच, सगळं काँक्रीट आणि आत सळ्या. साधं ड्रिल तिथे नुसतं गरम होतं, रोटरी हॅमर लागतो. आणि अशा भिंतीत वायरसाठी खाच पाडायची नाही की कोनाडा कोरायचा नाही, तीच भिंत इमारत उचलून धरते. वायर बाहेरून पट्टीतून न्या. जुन्या विटांच्या बिल्डिंगमधे ४ इंची भिंतीत कोनाडा म्हणजे शेजाऱ्याला खिडकी. ९ इंची असेल तर किल्ल्यांपुरता उथळ कोनाडा निघू शकतो, पण आधी इंजिनिअरला दाखवा.

भाड्याचं घर आहे, मालक खिळा मारू देत नाही.

मग उभं स्टँड, ज्याचं वजन खाली असेल. चिकटवायचे हुक टाईलवर आणि लाकडावर टिकतात, डिस्टेंपरच्या भिंतीवरून मात्र रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येतात आणि मग डिपॉझिटवरून वाद. दाराच्या मागे अडकवायचे हुक मिळतात ते घ्या.

घरात वयस्कर मंडळी आहेत.

बसायची जागा कराच. बूट घालायला एक पाय उचलून भिंतीला हात टेकवणं हे पंचाहत्तरीत जमत नाही. १८ इंच उंच, १४ इंच खोल, दीड फूट रुंद एवढं पुरतं आणि खाली चपला मावतात. जागाच नसेल तर भिंतीला मिटणारी फळी, पण चांगल्या ब्रॅकेटची आणि पक्क्या भिंतीवरच. शेजारी उठायला धरायचा स्टीलचा बार, तो हुकसारखा दिसला पाहिजे, बाथरूमसारखा दिसला तर आमचे बाबा तो वापरत नाहीत.

वाड्यासारखा जुना लूक हवाय, छोट्या जागेत जमेल?

जमेल, जपून. वाड्यात दिंडी दरवाजा, देवडी, मग चौक, मग ओसरी, इतकं चालल्यावर माणूस घरात यायचा आणि ते सगळं तुम्ही तीन फुटांत कोंबणार. एकच वस्तू जुनी घ्या. सागवानी खुंट्यांची फळी, किंवा पितळी कडी-कोयंडा, किंवा तांबट आळीतलं छोटं तांब्याचं भांडं किल्ल्यांसाठी. मोठ्या घंगाळात पाणी आणि फुलं तरंगवायचा मोह आवरा, रोज कोणाची तरी लाथ बसते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नशीब असेल तर छान बिजागऱ्या-कड्या मिळतात, लाकूड घेतलंत तर वाळवीची भोकं आणि आतले खिळे बघून घ्या. कोरीव दार कसं असतं ते बघायचंच असेल तर केळकर संग्रहालयात जा, घरी आणू नका. जुनं सागवानी दार प्रचंड जड असतं, फ्लॅटच्या चौकटीला झेपत नाही.

खर्च किती? सुतार स्क्वेअर फुटाने सांगतो, कळत नाही.

तो समोरून दिसणारा भाग मोजतो. ४ फूट रुंद, ३ फूट उंच शूरॅक म्हणजे त्याच्या हिशोबात १२ स्क्वेअर फूट. विचारायचं ते हे: यात आतला लॅमिनेट आहे का, बिजागऱ्या कुठल्या, हँडल कोणाचे, मागचा प्लाय किती एमएम. भावातला फरक बहुतेक तिथेच लपलेला असतो.

मटेरियल तुम्ही आणणार असाल तर हा हिशोब करून बघा. एक शीट ८ बाय ४, म्हणजे ३२ स्क्वेअर फूट. वरच्याच शूरॅकला, एक फूट खोल धरून, दोन बाजूंचे ६, वर-खालचे ८, दोन फळ्यांचे ८ आणि शटरचे १२ म्हणजे ३४ लागतात. एका शीटला दोनच फूट कमी! सुतार दोन शीट मागतो तेव्हा तो फसवत नसतो. पण दुसरीतले उरलेले तुकडे त्याला नेऊ देऊ नका, त्यातच हेल्मेटची फळी आणि बसायचा पाट निघतो.

काम कधी काढावं आणि किती दिवस चालतं?

एवढ्या जागेला सुताराचे पाच-सहा दिवस, टाईल आणि रंग धरून दोन आठवडे पकडा. जुलै-ऑगस्टमधे पॉलिशचं काम काढू नका, दमट हवेत मेलामाईनचं पॉलिश पांढरट पडतं. दिवाळीच्या आधी करायचं असेल तर सुताराला गणपतीतच बांधून घ्या, नवरात्रात फोन केलात तर तो उचलणारच नाही. सोसायटीला आधी लेखी कळवा, कामाच्या वेळा आणि डिपॉझिट विचारून घ्या. आणि एक, आठ फुटी शीट बऱ्याच लिफ्टमधे जात नाही, चौथ्या मजल्यावर जिन्याने चढवायचे हमाल वेगळे पैसे मागतात, तेव्हा टिंबर मार्केटमधेच मापाने कापून मिळतंय का ते विचारा, आणि त्यासाठी सुताराकडून कटिंगची मापं आदल्या दिवशी कागदावर लिहून घ्या, फोनवर सांगितलेली नाही.